14 महिन्यांनंतर: ‘फ्रॉस्ट-फ्री’ फ्रिजमधला बर्फ

दोन दारांचा, 250 लिटरच्या आसपासचा, इन्व्हर्टर कॉम्प्रेसरचा फ्रिज. लिटर, स्टार, ट्रे, ड्रॉवर ही माहिती सगळीकडे आहे, ती इथे परत उगाळत नाही. थंडावा चांगला, आवाज जवळपास नाही, विजेचं बिल माफक. तक्रार एकच आणि ती फ्रीजरच्या तळाशी: तेराव्या महिन्यात तिथे बर्फाची लादी. दुधाची पिशवी तिला अशी चिकटते की ओढली तर पिशवीच फाटते. वॉरंटी बाराव्या महिन्यात संपली हे सांगायला नकोच. दारावर 10 वर्षांचं जे स्टिकर मिरवतं ते फक्त कॉम्प्रेसरचं. हीटर, सेन्सर, पंखा, रबर हे सगळं एका वर्षाच्या हिशेबातलं.

सर्व्हिस सेंटरने फोनवरच निदान केलं: ‘गॅस कमी झाला असेल.’ हे वाक्य कानावर पडलं की पाकीट खिशात आणखी खोल ढकलावं. फ्रिजमधला गॅस स्कूटरमधल्या पेट्रोलसारखा संपत नाही. तो बंद नळ्यांत फिरतो. कमी व्हायचा तर कुठेतरी गळती हवी. आणि गळती असेल तर बर्फ वाढत नाही, आटतो: फ्रीजरच्या मागच्या पॅनेलआड हवा थंड करणारी जी कॉइल असते तिच्या सुरुवातीच्या दोन-तीन वेढ्यांवर तेवढं हिम, बाकीची कॉइल कोरडी, आणि कॉम्प्रेसर थांबायचं नाव घेत नाही. कॉइल वरपासून खालपर्यंत पांढरी असेल तर गॅसला हात लावायचं कारण नाही. कॉइल न पाहता गॅस भरायला निघालेल्याला चहा पाजावा आणि वाटेला लावावं.

बर्फ कुठे आहे आणि कसा आहे, यात अर्धं निदान होतं. खरवडला की साखरेसारखा सांडणारा पांढरा भुसभुशीत थर म्हणजे दमट हवा आत शिरून तिथल्या तिथे गोठतेय. तो दाराच्या एका कोपऱ्याशी जाड असेल तर त्या कोपऱ्याचं रबर बसत नाही. मागच्या प्लास्टिक पॅनेलवर आणि जाळ्यांभोवती सगळीकडे हिम असेल तर डीफ्रॉस्टच, म्हणजे हीटरने कॉइलवरचं हिम वितळवणंच, होत नाही. आणि तळाला काचेसारखा कडक, आरपार दिसणारा बर्फ असेल तर पाणी आधी वितळलं, खाली आलं, वाट मिळाली नाही म्हणून पुन्हा गोठलं. म्हणजे हीटर चालू आहे! तुंबलंय ते ड्रेनचं छिद्र.

या छिद्राबद्दल जरा सविस्तर, कारण मॅन्युअलमध्ये आइस ट्रे कसा पिळायचा याचं चित्र आहे, छिद्राचा मात्र शब्दही नाही. कॉम्प्रेसर साधारण 8 ते 12 तास चालला की हीटर कॉइल गरम करतो. वितळलेलं पाणी कॉइलखालच्या पन्हाळीत उतरतं, तिथून करंगळीएवढ्या छिद्रातून नळीने मागे कॉम्प्रेसरजवळच्या ट्रेमध्ये जातं आणि कॉम्प्रेसरच्या उष्णतेने उडून जातं. ‘फ्रॉस्ट-फ्री’ची सगळी मिजास या एका छिद्रावर उभी. खालच्या जाळीतून मटाराचं साल, खवलेल्या नारळाचा कीस, फाटक्या पिशवीचा तुकडा आत गेला की पन्हाळीत पाणी थांबतं, पहिल्या रात्री छिद्रात बर्फाचं बूच बसतं आणि पुढच्या प्रत्येक डीफ्रॉस्टला लादी जाड होत जाते.

साफ करायचं ते असं. प्लग काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. फ्रीजर रिकामा करून आत गरम पाण्याचं पातेलं ठेवा, दार उघडं, समोर टेबल फॅन. लादी सुटायला तास-दीड तास जातो. पॅनेलमागची कॉइल पूर्ण मोकळी व्हायला सहा-आठ तासही लागतात. सुरी, उलथनं, स्क्रूड्रायव्हर यांपैकी काहीही बर्फात खुपसायचं नाही. नव्या फ्रिजांत बहुधा आर-600ए असतो, म्हणजे आयसोब्युटेन, आपल्या सिलिंडरमधल्या गॅसचा भाऊबंदच. भरलेला असतो बहुधा शंभर ग्रॅमपेक्षाही कमी, पण पेट घेतो, आणि कॉइलला एक भोक पडलं की थंडावा गेला आणि दुरुस्ती महागात. मागचा ट्रे एवढं पाणी सामावून घेत नाही, म्हणून फ्रिजखाली आधीच जुनी चादर पसरा.

पॅनेल बहुतेक दोन स्क्रूंवर असतं, स्क्रूंवर प्लास्टिकच्या टोप्या. पॅनेल हिसकायचं नाही, मागे पंख्याची वायर असते. छिद्र दिसलं की 50 मिलीची सिरिंज घ्या आणि हाताला सोसेल इतपत गरम पाणी सावकाश सोडा. उकळतं नको, प्लास्टिक वाकतं. अडलं तर पडद्याची जुनी स्प्रिंग फिरवत आत घाला. टोकदार लोखंडी तार नको, नळी फोममधून जाते आणि फाटली तर दुरुस्ती नाही. 200 मिली वर ओतलं की तेवढंच मागच्या ट्रेमध्ये दिसलं पाहिजे. थेंब थेंब येत असेल तर नळीचं खालचं टोक पाहा. काही मॉडेलांत तिथे रबराची चोच असते आणि तिच्यात बुळबुळीत गाळ साठतो. ती काढून साबणाने धुवायची. खर्च: सिरिंजचा.

इथवर लिहून झाल्यावर मत बदलावं लागलं. छिद्र स्वच्छ असूनही तीन आठवड्यांत पातळ लादी परत आली, तेव्हा दोष फक्त कचऱ्याचा नव्हता. घोळ व्होल्टेजचा. ‘स्टॅबिलायझरची गरज नाही’ ही जाहिरात कॉम्प्रेसरपुरती खरी आहे. डीफ्रॉस्ट हीटर म्हणजे साधी तार, ती व्होल्टेज मिळेल तेवढीच तापते. 230 व्होल्टला 150 वॉट देणारा हीटर 180 व्होल्टला 92 वॉटच देतो. फ्रिज चालवणारा इलेक्ट्रॉनिक बोर्ड कॉइलवरचा सेन्सर गरम होण्याची वाट पाहतो, पण ठरलेली वेळ संपली की हीटर बंद करतो. अर्धवट वितळलेलं पाणी छिद्राच्या तोंडाशी गोठतं. संध्याकाळी व्होल्टेज पडतं अशा ठिकाणी हा फ्रिज असेल तर स्टॅबिलायझर लावा, दुकानदार काहीही म्हणो. दोष सगळा यंत्राचा नाही, त्यामुळे या परीक्षणात त्याला आधी द्यायचे ठरवलेले दोन तारे आता तीन.

याच हिशेबात आणखी एक गोष्ट दडली आहे. 150 वॉट 20 मिनिटं म्हणजे 180 किलोज्यूल. एक किलो बर्फ वितळवायला सुमारे 334 लागतात. एका फेरीत अर्धा किलोसुद्धा अवघड. म्हणून बिघडलेला भाग बदलून जुना बर्फ तसाच ठेवला तर हीटर त्याला कधीच गाठू शकत नाही, आणि आठवड्याने ‘नवा पार्टही खराब’ म्हणून दुसरं बिल येतं. आधी हाताने पूर्ण वितळवायचं, मग दुरुस्ती तपासायची.

डीफ्रॉस्टच होत नसेल तर पहिलं लक्षण फ्रीजरमध्ये दिसत नाही, खाली दिसतं. खालच्या कप्प्याला थंड हवा कॉइलवरूनच मिळते. कॉइल बर्फाने बुजली की वर आइसक्रीम टणक आणि खाली दूध नासलेलं. मग घरचे नॉब ‘कोल्डेस्ट’वर नेतात, कॉम्प्रेसर जास्त चालतो आणि बर्फ आणखी वाढतो. पंख्याचा खर्रर्र आवाज आला तर पातं बर्फाला घासतंय.

अशा वेळी प्लग काढून साधा मल्टिमीटर पुरतो. हीटरच्या दोन टोकांमधला रोध मोजा: 150 वॉटचा असेल तर सुमारे 350 ओहम, 200 वॉटचा असेल तर 265च्या जवळ. काहीच दाखवत नसेल तर तार तुटली. बदलताना तेवढ्याच वॉटचा घ्या, ‘जास्त गरम होईल’ म्हणून मोठा नको, शेजारी ज्वलनशील गॅस आहे. थर्मल फ्यूज, म्हणजे फार तापलं तर हीटरची वीज तोडणारा तुकडा, एकदा गेला की गेला. तो वायरने शॉर्ट करून देणारे कारागीर आहेत, त्यांना घरात घेऊ नका. जुन्या टायमरवाल्या फ्रिजांत बायमेटल, म्हणजे थंडीत जोडणारं आणि गरम झालं की तोडणारं स्विच, असतं आणि इथे हमखास फसगत होते: खोलीच्या तापमानाला ते ‘ओपन’च दाखवतं, तो बिघाड नव्हे. बर्फात मूठभर मीठ घालून त्यात ते 10 मिनिटं बुडवा. जोड लागला तर ठीक, नाही तर दोन-तीनशेचा तुकडा बदला. बोर्डवाल्या फ्रिजांत त्याजागी सेन्सर असतो. 25 अंशांना जेवढे ओहम, त्याच्या सुमारे तिप्पट बर्फाच्या पाण्यात यायला हवेत.

छिद्राजवळ गरम राहावं म्हणून हीटरला तारेचे दोन वेढे देऊन टोक चार-पाच सेंटिमीटर छिद्रात सोडायचा जुगाड चालतो. पण हीटर काचेच्या नळीचा असेल तर नाही, आणि अॅल्युमिनियमच्या नळीवर तांबं नको, ओलाव्यात अॅल्युमिनियम खातं. अॅल्युमिनियमचीच तार घ्या.

रबराचं थोडक्यात. दहाची नोट दारात अडकवून ओढा, दर वीतभर अंतरावर. जिथे ती अलगद निघते तिथे गळती. कोमट साबणाच्या पाण्याने पुसा, चपटा भाग हेअर ड्रायरने मंद गरम करून बोटाने उचला. पुढचे पाय किंचित वर करा म्हणजे अर्धं उघडं दार आपोआप लागतं. पावसाळ्यात हे आधी तपासा. 30 अंशांना, 80 टक्के आर्द्रतेत एका घनमीटर हवेत सुमारे 24 ग्रॅम पाणी असतं, हिवाळ्याच्या कोरड्या 15 अंशांत त्याच्या चौथाई. 60 लिटरच्या फ्रीजरमध्ये एका उघडझापीत फार तर दीड ग्रॅम येतं, ते हीटर सहज निस्तरतो. फटीतून दिवसरात्र झिरपणारं नाही.

मागचा ट्रे आता महिन्यातून एकदा टॉर्चने पाहायचा. दमट दिवसांत त्यात ओल दिसली तर ठीक; भर जुलैत ट्रे ठणठणीत कोरडा असेल तर सिरिंज शोधायला लागा.