प्रेशर पंप की जाड पाइप?

कोथरूडच्या आमच्या जुन्या बंगल्यात वर दोन बाथरूम वाढवली आणि सकाळी खालचा नळ सोडला की वरच्या शॉवरची धार करंगळीएवढी व्हायची. प्लंबर म्हणाला, प्रेशर पंप बसवा. भिंत न फोडता दाब लगेच वाढतो, हे खरं. पण वीज गेली की पुन्हा तेच, शिवाय जुन्या जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) पाइपचे सांधे त्या दाबाने गळू शकतात.

दुसरा मार्ग टाकीपासूनची मुख्य लाइन बदलण्याचा. आमची कापली तेव्हा आत बोअरच्या पाण्याचा क्षार एवढा साचला होता की पेन्सिल जेमतेम गेली असती. अर्ध्या इंचाऐवजी एक इंची सीपीव्हीसी (प्लास्टिकची) पाइप घातली, म्हणजे आतली जागा साधारण चौपट. फोडाफोड होते, टाइल्स जातात, तरी आधी हेच करा असं मी सांगेन.

मात्र टाकीच्या उंचीमुळे मिळणारा दाब दर मीटरला जेमतेम ०.१ बार (बार हे दाबाचं एकक). टाकीतलं पाणी शॉवरच्या दीड-दोन मीटरच वर असेल, तर जाड पाइपनेही जोर येत नाही. तिथे छोटा पंप लागतोच. तो टाकीनंतरच्या लाइनवर बसवा. महापालिकेच्या नळाला थेट कधीच नको, शेजाऱ्यांचं पाणी ओढलं जातं.