कॅरियर्सशी ईडीआय जोडून देणारी सर्व्हिस, उद्यमबागेतल्या डिस्पॅच टेबलावरून रिव्ह्यू

पाचपैकी साडेतीन स्टार. ही सर्व्हिस आमची सिस्टिम कॅरियर्सच्या, म्हणजे माल नेणाऱ्या ट्रकच्या आणि बोटीच्या कंपन्यांच्या, सिस्टिमशी ईडीआयनं (इलेक्ट्रॉनिक डेटा इंटरचेंज) जोडून देते. तिचं नाव लिहीत नाही, कारण खाली तक्रारी पण आहेत आणि त्यातल्या काही अजून त्यांच्याकडं चालू आहेत, पण आपल्या भागातले जे कोणी एक्सपोर्टवाले असली सर्व्हिस घ्यायच्या विचारात असतील त्यांना उपयोग होईल म्हणून सविस्तर लिहितोय. मार्क मिळवले ते सपोर्टच्या माणसांनी आणि घालवले ते त्यांच्या स्क्रीननं, एवढं आधीच सांगतो.

आमचं काम मशीन केलेल्या कास्टिंगचं, पंपाच्या आणि व्हॉल्व्हच्या बॉडी. माल बेळगावच्या उद्यमबागेतून कंटेनरनं न्हावा शेवाला, तिथून बोटीनं अमेरिकेतल्या गोदामात, आणि गोदामातून तिथल्या ट्रकनं गिऱ्हाइकाच्या दारात. हा शेवटचा टप्पा तिकडचा असला तरी ट्रक बुक करायचं काम इथं बेळगावात बसून आम्हीच करतो. आधी सगळं मेलवर आणि कॅरियर्सच्या पोर्टलवर चालायचं, प्रत्येकाचं पोर्टल वेगळं, पासवर्ड वेगळा, तेच वजन तेच पॅलेट तोच पत्ता परत परत टाइप करायचा, आणि आपल्याकडं रात्र होते तेव्हा त्यांचं ऑफिस उघडतं, म्हणजे एक जण कायम रात्रीचा बसलेलाच. ईडीआयनं हे टायपिंग जातं. आमच्या सिस्टिममधून ठरलेल्या फॉरमॅटमध्ये फाइल निघते, कॅरियरच्या सिस्टिममध्ये थेट शिरते, आणि उत्तर पण तसंच येतं, मधे माणूस नाही.

हे काही नवीन खूळ नव्हे बरं का. बर्लिनला १९४८-४९ मध्ये विमानानं माल पुरवत होते तेव्हा तिथल्या मालाच्या याद्या एकसारख्या करायचं काम एड गिल्बर्ट नावाच्या अमेरिकन लष्करातल्या माणसानं केलं, पुढं तोच माणूस ड्यू पाँट ह्या केमिकल कंपनीत गेला आणि १९६० च्या दशकात त्यांनी टँकरवाल्यांशी मालाची माहिती इलेक्ट्रॉनिक पद्धतीनं पाठवायला सुरुवात केली. म्हणजे ह्या सगळ्याचं मूळच ट्रान्सपोर्टमध्ये आहे. अमेरिकेत ह्या मेसेजांचे फॉरमॅट ठरवणारी एक्स-ट्वेल्व्ह कमिटी १९७९ ची, आणि अमेरिकेतले ट्रकवाले आजही तेच वापरतात. बोटीच्या कंपन्यांकडं एडिफॅक्ट नावाचा दुसरा फॉरमॅट जास्त चालतो. आमच्या सर्व्हिसला दोन्ही येतं, ते त्यांचं चांगलंच म्हणायचं.

आता मुख्य मुद्दा, आणि तुम्ही दुसरं काही नाही वाचलं तरी हे वाचा. एक्स-ट्वेल्व्हमध्ये प्रत्येक प्रकारच्या मेसेजला नंबर असतो, ट्रक मागायचा मेसेज म्हणजे २०४, लोड टेंडर. तो गेला की कॅरियरकडून आधी ९९७ येतो. ९९७ चा अर्थ एवढाच की तुमची फाइल आमच्याकडं पोचली आणि तिची रचना बरोबर आहे. लोड घेतला की नाही त्याचा त्याच्याशी काही संबंध नाही. लोड घेतला की नाही ते सांगणारा मेसेज ९९०, तो नंतर येतो, कधी पाच मिनिटांनी कधी काही तासांनी, आणि कधी येतच नाही. घोळ कुठं होतो बघा, ९९७ मध्ये फाइल चांगली असेल तर ए येतो आणि ९९० मध्ये लोड घेतला असेल तरी ए च येतो, आणि ह्या सर्व्हिसच्या स्क्रीनवर दोन्हीला हिरवी खूण आणि दोन्हीपुढं ‘ॲक्सेप्टेड’. आमच्या रात्रपाळीच्या पोरानं हिरवी खूण बघितली, ट्रक लागला असं समजून गोदामाला माल काढून ठेवायला सांगितलं, गोदामवाल्यांनी पॅलेट डॉकवर लावले आणि ट्रक आलाच नाही, कारण कॅरियरनं लोड घेतलाच नव्हता, ९९० मध्ये डी, म्हणजे नकार, आला होता आणि तो तीन टॅब आत होता. पोराचा काय दोष ओ त्यात, स्क्रीन जे दाखवतंय तेच तो बघणार. गिऱ्हाइकाची लाइन थांबायची वेळ आली आणि शेवटी दुसऱ्या कॅरियरकडून महागातला ट्रक लावावा लागला.

तक्रार केली तेव्हा त्यांच्या सपोर्टच्या मॅडमनी हे लगेच मान्य केलं, ‘सर हे चुकीचं दिसतंय, आम्ही बदलतो’ म्हणाल्या, आणि आता ९९७ ला करडी खूण येते, ९९० आल्यावरच हिरवी. शिवाय २०४ मध्येच अमुक वेळेपर्यंत उत्तर द्या असा रकाना असतो, ती वेळ टळली आणि ९९० आला नाही तर आमच्या फोनवर मेसेज यायची सोय करून दिली. ही सोय आम्ही मागितल्यावर मिळाली, सुरुवातीपासून नव्हती, आणि माझ्या मते असली सर्व्हिस विकणाऱ्यानं ती पहिल्या दिवशी दाखवायला पाहिजे. फाइल पाठवणं सोपं आहे, ते कोणीही करून देतं. न आलेल्या उत्तरावर लक्ष ठेवणं हेच खरं काम आहे आणि पैसे त्याचेच द्यायचे असतात.

ट्रक निघाल्यावर २१४ येत राहतात, स्टेटसचे. ह्यात कोड असतात, एक्स-३ म्हणजे ट्रक पिकअपला पोचला, ए-एफ म्हणजे तिथून निघाला, एक्स-१ म्हणजे डिलिव्हरीच्या जागी पोचला, डी-१ म्हणजे माल उतरवून झाला. हे सगळं मोठ्या कॅरियर्सकडून बऱ्यापैकी वेळेवर येतं. पहिल्यांदा वेळेचा गोंधळ होता, मेसेजमध्ये वेळेबरोबर टाइम झोनचा पण कोड येतो, पण स्क्रीनवर नुसते आकडे दिसायचे, ती वेळ शिकागोची की न्यूयॉर्कची की आपली काही कळायचं नाही, आणि डॉकची अपॉइंटमेंट चुकली की डिटेन्शनचं, म्हणजे ट्रक थांबवून ठेवल्याचं, बिल कोणी भरायचं ह्यावर भांडण लागतं त्यामुळं ही बारीक गोष्ट नाही. आता तिकडची वेळ आणि आपली वेळ दोन्ही शेजारी दिसतात. हे मात्र त्यांनी आम्ही न सांगता केलं.

बिलाचा मेसेज २१० आणि इथं मी त्यांना पूर्ण मार्क देतो. कॅरियरचं बिल आलं की ते आमच्या २०४ मधल्या दराशी ताडून बघतात, फ्युएल सरचार्ज वेगळा काढून दाखवतात, तिकडं बहुतेक कॅरियर्स सरकारनं दर आठवड्याला जाहीर केलेल्या डिझेलच्या सरासरी भावावर सरचार्ज ठरवतात, तर ते टेबल पण ह्यांनी आत घालून ठेवलंय. लिफ्टगेट (ट्रकला मागं लावलेली माल उतरवायची लिफ्ट), डिटेन्शन, परत वजन केल्याचा चार्ज, सगळं वेगवेगळ्या ओळीत. पूर्वी हे बिल पीडीएफमध्ये यायचं आणि अकाउंटच्या वहिनी एकेक ओळ एक्सेलमध्ये घालत बसायच्या. एक गोष्ट मात्र टेस्टिंगच्या वेळी नक्की तपासा, २१० मध्ये रकमेला दशांश चिन्ह नसतं, शेवटचे दोन आकडे सेंट धरायचे असतात, म्हणजे १२५००० लिहिलं असेल तर ते साडेबाराशे डॉलर. एका कॅरियरच्या मॅपमध्ये, म्हणजे कुठला रकाना कुठं बसवायचा ते ठरवणाऱ्या फाइलमध्ये, ते राहून गेलं होतं आणि टेस्टमध्ये सव्वा लाख डॉलरचं ट्रकभाडं दिसलं. टेस्ट होती म्हणून बरं.

वजनाचं पण तसंच. आपण किलोत, ते पाउंडात. मेसेजमध्ये वजनाच्या शेजारी के किंवा एल लिहायचं असतं आणि कास्टिंगसारखा जड माल असेल तर तो एक अक्षर चुकला की परत वजन, परत चार्ज, आणि ट्रक ओव्हरलोड ठरला तर आणखीच ताप. अजून एक, कमी पॅलेट असतील आणि दुसऱ्यांच्या मालाबरोबर ट्रकमध्ये जाणार असतील, ज्याला एलटीएल म्हणतात, तर तिथं बरेच कॅरियर्स २०४ ऐवजी २११ मागतात, म्हणजे बिल ऑफ लेडिंग, मालाची पावती. सर्व्हिसच्या सेल्सच्या माणसाला हे माहीत नव्हतं, टेक्निकलच्या माणसाला माहीत होतं. म्हणून करार करायच्या आधी टेक्निकलच्या माणसाशीच बोला, सेल्सशी नको.

आता आपल्याकडचा टप्पा. उद्यमबाग ते न्हावा शेवा, साधारण पाचशे किलोमीटर, आणि इथं ईडीआय नाही, कुठल्याही निपाणीच्या नाहीतर कोल्हापूरच्या ट्रान्सपोर्टरकडं नाही, आणि असायची अपेक्षा पण करू नये. एलआर (लॉरी रिसीट) कागदावर, ई-वे बिलाचा पार्ट-बी, म्हणजे गाडीची माहिती, आपण भरायचा, आणि बाकी फोन. ‘अण्णा, कुठंवर?’ ‘निपाणी सोडलो सर, कागलला चहाला थांबलोय.’ तर ह्या सर्व्हिसनं एक साधा मोबाइल फॉर्म दिलाय, ट्रान्सपोर्टरच्या माणसानं गाडी नंबर, एलआर नंबर आणि कुठं आहे तेवढं भरायचं, मराठी आणि कन्नड दोन्हीत आहे, आणि त्यातून आतल्या आत स्टेटस मेसेज तयार होऊन गिऱ्हाइकाला जातो. गिऱ्हाइकाला वाटतं आमचा बेळगावचा ट्रकवाला पण ईडीआयवर आहे. मला हे फार आवडलं, कारण परदेशातली मोठी सॉफ्टवेअर्स सगळे कॅरियर्स मोठेच असणार हे धरून चालतात आणि आपल्या ट्रान्सपोर्टरकडं दोन ट्रक आणि एक फोन असतो ओ.

ह्या फॉर्ममध्ये उशीर का झाला ते पण निवडता येतं. हे आपल्या भागात गरजेचं आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि परत २०२१ च्या जुलैमध्ये वेदगंगेचं पाणी यमगर्णीला हायवेवर आलं आणि पुणे-बेंगळूर रस्ता बंद झाला, कंटेनर इकडं आणि बोट तिकडं. तेव्हा आमच्याकडं ही सर्व्हिस नव्हती, मेलवर फोटो पाठवून गिऱ्हाइकाला पटवावं लागलं होतं. आता २१४ मध्ये ए-ओ कोड गेला की हवामानामुळं उशीर हे गिऱ्हाइकाच्या सिस्टिममध्ये नोंद होतं, आणि त्यांच्याकडं सप्लायरचे मार्क कापायचा जो रिपोर्ट असतो त्यात असा उशीर वेगळा धरतात. म्हणजे निदान आमच्या गिऱ्हाइकाकडं तरी धरतात, तुमच्या गिऱ्हाइकाला विचारून घ्या. ई-वे बिलाचं मात्र हातानंच बघावं लागतं, दोनशे किलोमीटरला एक दिवस ह्या हिशोबानं आपल्याला तीन दिवस मिळतात आणि गाडी अडकली तर मुदत संपायच्या आठ तास आधी ते आठ तास नंतर एवढ्यातच वाढवता येतं. सर्व्हिसनं ह्याचा अलर्ट द्यावा असं मी लिहून दिलंय, अजून दिला नाही.

पत्त्याची एक भानगड इथल्या सगळ्यांना येणार. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी कागदावर शहराचं नाव बेळगावी झालं, पण काही कॅरियर्सच्या जुन्या मास्टरमध्ये, म्हणजे पत्त्यांच्या यादीत, इंग्रजीतलं बेलगाम तसंच आहे, आणि मेसेजमधलं शहर त्यांच्या मास्टरशी जुळलं नाही की पूर्ण फाइल परत. एका कॅरियरला एक, दुसऱ्याला दुसरं पाठवावं लागतं. ह्या सर्व्हिसनं कॅरियरप्रमाणे शहराच्या नावाचं टेबल करून दिलं, आमच्या सिस्टिममध्ये काही बदलायला लागलं नाही. खानापूर, मच्छे, होनगा इकडच्यांनी पिनकोडसकट यादी पहिल्याच मीटिंगला देऊन टाका, नंतरचा त्रास वाचेल.

पैशाचं सांगतो. प्रत्येक कॅरियर जोडायचा एकदाच चार्ज, आणि नंतर महिन्याला डेटाप्रमाणे. जुन्या पद्धतीच्या व्हॅनमधून, म्हणजे मधल्या नेटवर्कमधून, फाइल गेली तर अक्षरं मोजून बिल येतं, हजार अक्षरांना अमुक, आणि २१४ सारखे मेसेज दिवसभर येत राहतात तर ते वाढतच जातं. एएस-टू नं, म्हणजे इंटरनेटवरून फाइल थेट पाठवायच्या पद्धतीनं, जोडलं तर तो खर्च नाही, आणि फाइल पोचल्याची सही केलेली पावती पण मिळते. मोठ्या कॅरियर्सपैकी बऱ्याच जणांना एएस-टू चालतं. सर्व्हिसनं आम्हाला आधी सगळे व्हॅनवरच जोडले आणि थेट जोडता येतं हे आम्ही विचारल्याशिवाय सांगितलं नाही, अर्धा स्टार तिथं गेला. एक स्टार त्या हिरव्या खुणेसाठी गेला, दुरुस्त केली तरी.

महिन्याला दोन-चारच कंटेनर आणि एखादाच कॅरियर असेल तर एवढं करू नका, पोर्टलच बरं पडेल. कॅरियर जास्त असतील आणि गिऱ्हाईकच ईडीआय मागत असेल तर घ्या, पण करारात एक ओळ घालून घ्या की मॅपिंगच्या फाइल्स आणि आलेगेलेले सगळे मेसेज आपल्याला कधीही काढून मिळतील. आमच्या करारात ती नव्हती, रिन्यूअलला घातली, आणि मॅपिंगच्या फाइल्स मागच्या आठवड्यात मिळाल्या. जुने मेसेज यायचे आहेत.