“स्प्रिंग मेली” म्हणून अडीच हजार घेतले

परवान्याचं .३२ पिस्तूल असणाऱ्यांसाठी हे मुद्दाम लिहितोय. आमच्याच तालुक्यात आणखी दोघांना असंच लुबाडल्याचं कळलं आहे.

निवडणुकीसाठी जमा केलेलं पिस्तूल परत मिळालं आणि सरावात शेवटच्या गोळ्या अडकायला लागल्या. मॅगझीन (गोळ्या भरायची, आत स्प्रिंग असलेली डबी) संपल्यावर स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, हवी तशी मागे थांबेना. दोन्ही मॅगझीनचं तेच. एक मॅगझीन शस्त्रदुकानात नेलं. दुकानदाराने त्यातली स्प्रिंग काढून शेजारी कोरी स्प्रिंग उभी धरली. माझी चांगलीच आखूड दिसली. “बघा साहेब, भरून ठेवता ना, म्हणून मेली. इम्पोर्टेड टाकतो.” अडीच हजार घेतले. जुनी मागितली तर म्हणे भंगारात गेली.

ही तुलनाच फसवी आहे. कोरी स्प्रिंग सुरुवातीला दाबली गेली की थोडी बसते, म्हणजे आखूड होते, आणि मग त्याच उंचीवर टिकते. म्हणजे वापरातली उत्तम स्प्रिंगसुद्धा कोरीपेक्षा आखूडच दिसणार. नीट बनवलेली स्प्रिंग नुसती दाबून ठेवल्याने सहसा मरत नाही. पोलाद थकतं ते पुन्हा पुन्हा दाबून सोडल्याने.

थोड्याच दिवसांत गोळ्या पुन्हा अडकल्या. पिस्तूल रिकामं असल्याची खात्री करून मॅगझीन उघडलं, तर खालच्या वेटोळ्यावर माझ्या ओळखीचा गंजाचा ठिपका! माझीच स्प्रिंग हाताने ताणून परत बसवली होती. वेटोळ्यांमधलं अंतर कुठे जास्त, कुठे कमी. अशी स्प्रिंग काही दिवस जोर दाखवते आणि मग ढिली पडते, कारण तार मर्यादेपलीकडे ओढलेली असते. पैसे घेतलेच, वर चांगली वस्तू बिघडवली, याचा मला जास्त संताप आहे.

दुसरं मॅगझीन नेमबाजी क्लबातल्या जाणत्या माणसाने उघडलं. आत सुकलेलं तेल आणि धुळीचा चिकट थर होता, त्यात फॉलोअर (स्प्रिंगवरचा, गोळ्या वर ढकलणारा तुकडा) अडकत होता. कोरड्या फडक्याने पुसल्यावर ते सुरळीत चालू लागलं. आत तेल ओतूच नका. ते धूळ धरतं आणि गोळीच्या प्रायमरमध्ये (बुडाशी असलेल्या, ठिणगी पाडणाऱ्या टोपीत) झिरपलं तर बार फसू शकतो. गंजापुरता स्प्रिंगवर तेलाचा पुसट हात पुरे.

दुरुस्तीला देण्याआधी स्प्रिंगचा पट्टीशेजारी ठेवून फोटो काढा, जुना भाग परत घ्या आणि पावतीवर “स्प्रिंग बदलली” असं लिहून घ्या. माझ्या पावतीवर नुसतं “सर्व्हिसिंग” आहे, आणि दुकानदार आता तेवढंच पुढे करतो.