बिलावर 'अस्सल' हा शब्दच नव्हता

फोर्टमधल्या एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर 1930 च्या सुमाराचे वातावरण असलेला बार सजवण्याचे काम गेल्या वर्षी माझ्याकडे आले. इमारत महापालिकेच्या 1995 पासूनच्या वारसा नियमावलीत मोडणारी, त्यामुळे भिंती, कमानी आणि लाकडी तुळयांना हात न लावण्याचे आम्ही आधीच ठरवले होते आणि साहजिकच जुनेपणाचा सगळा भार फर्निचरवर आला. ही निकड ओळखणारा जुन्या सामानाचा एक व्यापारी आम्हाला भेटला. बंद पडलेल्या इराणी हॉटेलातल्या गोल पाठीच्या 24 खुर्च्या आणि वाड्यातून काढलेल्या सिमेंटच्या नक्षीदार लाद्या आपल्याकडे आहेत, असे त्याने सांगितले.

नमुन्याला आणलेली खुर्ची खरोखरच जुनी होती. खुर्च्या 'बर्मा टीक'च्या आहेत, असे तो वारंवार म्हणत होता, आणि वाफेवर वाकवलेल्या असल्या युरोपीय खुर्च्या सहसा बीच लाकडाच्या असतात हे कॉलेजात शिकलेली मी त्याच्या बोलण्याने चक्क सुखावले. मालकांनी 4 लाख 80 हजारांपैकी 3 लाख आगाऊ दिले.

माल रात्री अकराला आला, गोणपाटात गुंडाळलेला. टेम्पो लगेच सोडायचा म्हणून घाई इतकी, की आम्ही फक्त नग मोजले. सकाळी आमच्या वयस्कर सुतारमामांनी एक खुर्ची उलटी केली आणि बैठकीखालच्या स्टार स्क्रूवर बोट ठेवले. व्यापाऱ्याच्या मते खुर्च्या 1920 च्या आसपासच्या. ही चौफुलीची खाच असलेला स्क्रू तर बाजारात आला 1930 च्या दशकात. दुरुस्तीत एखादा स्क्रू बदलला असेल, असे मी म्हणून पाहिले, तेव्हा मामांनी पाठीच्या वळणावरचे पॉलिश खरवडून दाखवले. अखंड वाकवलेल्या लाकडाचे रेशे वळणाबरोबर वळतात; इथे तीन तुकडे जोडून गोलाई साधली होती. लादीचा कोपरा फोडल्यावर नक्षीचा रंग काही मिलिमीटर आतपर्यंत जायला हवा होता. तो कागदाइतका पातळ निघाला, कारण ती छापील सिरॅमिक टाइल होती.

बिलावर 'जुन्या धाटणीची खुर्ची, 24 नग' एवढेच लिहिलेले होते. व्यावसायिक वापरासाठी घेतलेला माल असल्याने 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली आयोगाकडे जाण्याचा मार्ग बहुधा बंद आहे, असे वकिलांनी सांगितले. पोलिसांत अर्ज दिला आहे, पण तोंडी बोललेले सिद्ध कसे करायचे, हा प्रश्न तिथेही आलाच.

नमुन्याची खुर्ची मोजणीत जादा भरली म्हणून त्याच रात्री टेम्पोतून परत गेली. तिचे सहा फोटो माझ्याकडे आहेत, सगळे समोरून काढलेले.