‘फूड ट्रेल’चे पैसे घेतले आणि व्हिएतनाममध्ये जिरा राइस खायला घातला

आधी आकडे. दोघांचं पॅकेज १,६५,०००. त्यावर टीसीएस, म्हणजे टूरवाल्याने आपल्याकडून घेऊन सरकारकडे भरायचा कर, ८,२५०. व्हिसा माणशी ४,५००, म्हणजे ९,०००. आणि ज्याच्यासाठी हा सगळा घाट घातला ती ‘अस्सल व्हिएतनामी फूड ट्रेल’ माणशी १४,५००, म्हणजे २९,०००. एकूण २,११,२५०. विमान उडालं, हॉटेलं मिळाली, त्यामुळे जो तो म्हणतो, ‘मग फसवलं कुठे?’ म्हणून लिहितेय.

टूरवाला माणूस आपल्या ठाण्यातला. नौपाड्यात काचेच्या दाराचं ऑफिस, भिंतीवर जीएसटीचं सर्टिफिकेट, जिभेवर साखर. आमच्याच सोसायटीतली दोन कुटुंबं त्याच्याबरोबर दुबईला जाऊन आली होती, खूश होती. याहून जास्त चौकशी तुम्ही तरी करता का? नाव लिहीत नाही, वकिलांनी सध्या नको म्हटलंय.

कार्यक्रमपत्रिकेत लिहिलं होतं, ‘हनोई: रात्री ८.३०, काओ लाउ आणि बुन चा’. मी कितीतरी महिने तिकडच्या खाण्याचे व्हिडिओ बघत होते. काओ लाउ हे होय आन या दुसऱ्याच शहराचं. तिथल्या बा ले विहिरीचं पाणी आणि राखेची निवळी वापरून केलेल्या तांदळाच्या जाड शेवया, हीच त्याची ख्याती. ते हनोईत खिलवतो म्हणणं म्हणजे रायगडची पोपटी खायला नागपूरला नेतो म्हणणं. बुन चा हनोईचंच, पण ते दुपारचं खाणं. हे मला ठाऊक होतं! मी विचारलंसुद्धा. तो हसून म्हणाला, ‘ताई, तुमचा अभ्यास आमच्या गाइडपेक्षा जास्त आहे.’ आणि मी फुशारले. ते वाक्य आठवलं की अजून अंगाचा तिळपापड होतो.

तिथेच क्यूआर स्कॅन केला, तर कंपनीचं नाव नाही, कुठल्याशा बाईचं आलं. ‘आमच्या मॅडमचं खातं आहे, तिकडच्या ठेलेवाल्यांना रोख द्यावे लागतात ना.’ मागे माणसं ताटकळलेली, चारचौघांत वाद कोण घालणार? तुम्ही घाला. स्क्रीनवर माणसाचं नाव दिसलं की फोन खिशात.

तिकडे रोज रात्री बस इंडियन रेस्टॉरंटच्या दारात. पनीर बटर मसाला, पिवळी डाळ, जिरा राइस. गाइड बिचारा कागद दाखवायचा: ‘इंडियन डिनर’, बाकी काही नाही. होय आनला कुकिंग क्लासचं व्हाउचर घेऊन गेलो, तर काउंटरवरच्या मुलीने वही दोनदा चाळली. बुकिंगच नव्हतं. शेवटी हनोईत आम्हीच फुटपाथवरच्या बुटक्या स्टुलांवर बसून बुन चा खाल्लं. कोळशावर भाजलेलं डुकराचं मांस आंबटगोड रश्शात, बाजूला शेवया आणि पाल्याचा ढीग. ६०,००० डाँग, आपले साधारण दोनशे रुपये. मग अंड्याची कॉफी, १९४६ साली दुधाची टंचाई असताना पिवळा बलक फेटून काढलेली युक्ती. काय चव! आणि यासाठी त्याने माणशी १४,५०० घेतले होते.

व्हिसाचं तर बोलूच नका. एका प्रवेशाच्या ई-व्हिसाची सरकारी फी २५ डॉलर. फॉर्म स्वतः भरा.

परत आलो तोवर ऑफिस घणसोलीला हललेलं. इथून खरी यात्रा सुरू झाली. ठाण्याच्या चौकीत म्हणाले, ‘आता तो नवी मुंबईच्या हद्दीत, तिकडे जा.’ तिकडचे म्हणाले, ‘पैसे नौपाड्यात दिलेत, ठाण्यात जा.’ हद्द कुठलीही असो, तक्रार घेतलीच पाहिजे, हे नव्या कायद्याच्या, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, कलम १७३ मध्ये छापलेलं आहे. मी प्रिंट पुढे केली. साहेबांनी ती पेपरवेटखाली ठेवली आणि चहा मागवला, स्वतःपुरता. मग म्हणे, हा दिवाणी मामला. मग म्हणे, जाऊन तर आलात ना? एका शिपायाने तर विचारलं, ‘बाई, परदेशात जाऊन रस्त्यावरचं कशाला खायचं होतं?’ तासन्‌तास बाकड्यावर बसवून हे ऐकवतात! बँकेने सांगितलं, पिन तुम्हीच टाकलाय, विषय संपला.

आणि ८,२५० चा टीसीएस? आपल्या नावावर जमा झालेला कर दाखवणाऱ्या फॉर्म २६एएसमध्ये दिसतच नाही. म्हणजे सरकारच्या नावाने घेतला आणि भरलाच नाही. परदेशी टूर केली असेल तर आजच्या आज तुमचा २६एएस उघडून बघा, आणि बुकिंगच्या वेळी पावतीवर त्यांचा टॅन, म्हणजे कर गोळा करणाऱ्याचा नोंदणी नंबर, मागा.

आता जिल्हा ग्राहक आयोगात ऑनलाइन तक्रार टाकली आहे. पाच लाखांपर्यंत फी नाही, आणि आपण राहतो त्या जिल्ह्यात दाखल करता येते, त्यामुळे हद्दीचा खेळ तिथे चालत नाही. कार्यक्रमपत्रिकेची पीडीएफ आणि व्हॉट्सॲपवरचे मेसेज जपून ठेवले होते म्हणून निदान एवढं तरी जमलं.

मागच्या आठवड्यात मावसबहिणीने वाशीहून एक जाहिरात पाठवली. ‘जॉर्जिया फूड ट्रेल’, खाचापुरी, खिंकाली, टोकन ११,०००. कंपनीचं नाव नवं. क्यूआर स्कॅन केला, नाव त्याच मॅडमचं. भरू नका.