मेडॅलियन की सँपलर? वर्षभराच्या क्विल्ट-अलाँगला बसण्याआधी

कोजागिरीला दूध आटायची वाट बघत उभे होतो तेव्हा मंडळातल्या एका ताईंनी विचारलं, की जानेवारीपासून क्विल्ट-अलाँगला बसायचंय, तर मेडॅलियनला बसू की सँपलरला? (क्विल्ट म्हणजे तुकडे जोडून शिवलेलं पांघरूण, आणि क्विल्ट-अलाँग म्हणजे गटाने मिळून, महिन्याला एक टप्पा असं ते शिवणं. सँपलरमध्ये वेगवेगळे चौकोनी ब्लॉक सुटे शिवून शेवटी जोडायचे, मेडॅलियनमध्ये मधल्या एका चौकोनाभोवती एकेक चौकट, म्हणजे बॉर्डर, वाढवत जायची.) तेव्हा मी जे सांगितलं ते फार घाईत सांगितलं, म्हणून आता नीट लिहितोय. दोन्ही मी पूर्ण केलेत, तीन वर्षांपूर्वी सँपलर आणि गेल्या वर्षी मेडॅलियन, दोन्ही इथेच मेलबर्नला, नोकरी सांभाळून, रविवारी आणि रात्री जेवणं आटोपल्यावर. रोटरी कटर, मॅट, मशीनचा पाव इंची फूट ही कापायची-शिवायची साधनं तुम्हाला माहीत आहेत असं धरतो, त्यात जात नाही.

सगळे एवढंच सांगतात की सँपलर सोपा, मेडॅलियन अवघड, पहिल्या वेळी सँपलरच घ्या. मीही तेच ऐकून सँपलर घेतला होता. आता दोन्ही करून झाल्यावर मला ते तितकंसं पटत नाही, पण हा माझा अनुभव आहे, तुमच्या हाताला वेगळं येऊ शकतं.

सँपलरची मजा खरी आहे, ती नाकारत नाही. महिन्याला एक 12 इंची ब्लॉक, जानेवारीत ओहायो स्टार, फेब्रुवारीत बेअर पॉ, पुढे चर्न डॅश, लॉग केबिन, आणि दर वेळी काहीतरी नवीन शिकायला मिळतं. एखादा महिना चुकला तरी बिघडत नाही, पुढचा ब्लॉक मागच्यावर अडून नसतो. मी त्या वर्षी पाच आठवडे सांगलीला गेलो होतो तर दोन ब्लॉकचे तुकडे कापून पिशवीत टाकून नेले आणि आईच्या शेजारी बसून हातानेच शिवले. मेडॅलियनमध्ये हे जमत नाही.

पण मग डिसेंबर येतो. बाराही ब्लॉक पलंगावर मांडले, सॅशिंगच्या, म्हणजे ब्लॉकच्या मधे येणाऱ्या जोडपट्ट्या कापायच्या म्हणून सहज रूलर लावला, आणि एकही दुसऱ्याशी जुळेना. शिवणासकट साडेबारा इंच यायला हवे होते. माझे काही साडेबाराच्या वर एक सूत, काही बरोबर, आणि बेअर पॉ बारा आणि एक सूत. (सुतार-गवंडी बोलतात ते सूत, इंचाचा आठवा भाग. मी शिवणातही तेच धरतो, डोक्याला सोपं पडतं.) म्हणजे मोठ्यात आणि छोट्यात चार सुतांचा, अर्ध्या इंचाचा फरक. बेअर पॉ सात घरांच्या जाळीवर असतो आणि बाराला सातने भाग जात नाही, त्यामुळे त्यात मापं आधीच आडनिडी असतात, हे मला तेव्हा कळलंच नव्हतं. मोठे ब्लॉक छाटावेत तर ताऱ्यांची टोकं जातात, पाव इंच शिवणीसाठी ठेवलेला असतो त्यातच रूलर घुसतो. छोटा ब्लॉक ओढून बसवावा तर तो मधे फुगतो.

आणि हीच गोष्ट मला खरी लागली. चूक फेब्रुवारीतली होती आणि दिसली डिसेंबरमध्ये. तोपर्यंत त्या कापडाचा तुकडाही उरलेला नव्हता, दुकानात तो प्रिंटही संपला होता, आणि कोणत्या शिवणीत काय कमीजास्त झालं ते आठवणंही शक्य नव्हतं. तीन रविवार मी फक्त उसवत होतो. मागून एकांनी सांगितलं की प्रत्येक ब्लॉकला बारीक चौकट लावून सगळे एका मापाला छाटता येतात, आणि ते बरोबरच आहे, पण बारा ब्लॉकना चार-चार म्हणजे 48 पट्ट्या, वर्ष संपताना, जेव्हा बाकीच्यांचे टॉप, म्हणजे क्विल्टचे वरचे थर, शिवून झालेले असतात. क्विल्ट झाला, मुलीच्या पलंगावर आहे, छान दिसतो. पण तो शिवताना शेवटचा महिनाभर मला त्याच्याकडे बघवत नव्हतं, हे खरं आहे.

मेडॅलियनमध्ये चुका होत नाहीत असं अजिबात नाही, उलट जास्तच होतात, पण त्या त्याच महिन्यात समोर येऊन उभ्या राहतात आणि त्याच महिन्यात मिटवाव्याच लागतात. आमचा नकाशा असा होता: मधला चौकोन 20 इंच, मग दोन इंचाची साधी पट्टी की 24, मग दोन-दोन इंचाचे एचएसटी (दोन त्रिकोण जोडून केलेले चौकोन) की 28, परत साधी पट्टी की 32, मग फ्लाइंग गीज (त्रिकोण जोडून केलेले आयत) की 40, साधी पट्टी 48, मग सहा इंची तारे 60, आणि शेवटची साधी सहा इंची 72. बघा, साधी आणि जोडकामाची बॉर्डर आलटून पालटून येते. ती साधी पट्टी नुसती नजरेला विसावा म्हणून आहे असं मला आधी वाटलं होतं, पण सगळा खेळ तिच्यातच आहे.

मधला चौकोन माझा शिवणासकट साडेवीस यायच्या ऐवजी वीस आणि एक सूत आला, तीन सूत कमी. सँपलरची आठवण होऊन पोटात गोळा आला. पण गटातल्या एका अनुभवी बाईंनी सांगितलं की साधी पट्टी अडीच नको, तीन इंच रुंद काप, चारही बाजूंनी शिव, आणि लगेच छाटू नको. आधी एचएसटीच्या चारही पट्ट्या शिवून घे, त्या मोज, आणि मग मधलं त्या मापाला छाट. मी तसंच केलं आणि ते किती बरं झालं, कारण एचएसटीच्या पट्टीत एका बाजूला 12 तुकडे, म्हणजे 11 शिवणी, आणि प्रत्येक शिवणीत माझं अर्धं सूत जास्त जात होतं, त्यामुळे पट्टी साडेचोवीसच्या जागी चोवीसलाही दीड सूत कमी भरली. चारही पट्ट्या मात्र सारख्याच कमी होत्या, कारण हात तोच. मधलं त्या मापाला छाटलं, पट्टी बसली, कोपरे जुळले, आणि बघणाऱ्याला आत काय झालं ते कधीच कळणार नाही. पुढच्या महिन्याची साधी पट्टी परत जरा रुंद कापली आणि गाडी 32 वर आणून ठेवली. मार्चचा हिशोब मार्चमध्ये, एप्रिलचा एप्रिलमध्ये. माझ्यापुरता निकाल इथेच लागला.

एक गोष्ट मात्र जपायला लागते, बॉर्डर लाटा मारते. माझी पहिली साधी पट्टी मी न मोजताच लावली होती, लांब पट्टी घेतली, कडेला कड लावून शिवत गेलो आणि उरलेलं शेवटी कापलं. इस्त्री करून खाली पसरलं तर मधला भाग सपाट आणि कडा पापडासारख्या उचललेल्या. माझी आई घरी फॉल-पिकोचं काम करायची, आणि फॉल भिजवून वाळवून इस्त्री केल्याशिवाय साडीला लावायचा नाही आणि लावताना ना साडी ओढायची ना फॉल, हे मी लहानपणी शंभर वेळा ऐकलेलं आहे, एक ओढला गेला की दुसरा चुण्या धरतो. तेच इथे. मशीनचे दात खालचं कापड पुढे नेतात आणि वरचं हळूहळू लांबत जातं. ती पट्टी मी उसवली, चौकोनाच्या मधोमध आणि दोन्ही कडांना असं तीन ठिकाणी मोजलं, सरासरी काढून पट्टी आधी कापली, दोघांचेही मध्य आणि चतुर्थांश खुणा करून टाचण्या लावल्या आणि मग शिवली. सपाट बसली. एचएसटीची उरेब कड उघडी राहिली तर तीही ताणते, म्हणून खळ मारलेलं कापड बरं. आणि मोठ्या पट्ट्या शक्यतो कापडाच्या उभ्या धाग्यात कापा, आडवा धागा ताणतो.

मेडॅलियनकडे माझं मन ओढायचं दुसरं कारण म्हणजे कॅनबेराच्या नॅशनल गॅलरीतला राजा क्विल्ट. नाव जहाजाचं आहे. 5 एप्रिल 1841 ला इंग्लंडच्या वूलिचहून 180 कैदी स्त्रियांना घेऊन राजा नावाचं जहाज निघालं आणि 19 जुलैला होबार्टला पोचलं, आणि त्या पंधरा आठवड्यांत बोटीवर त्यांच्यातल्या काही जणींनी 2815 तुकड्यांचा हा मेडॅलियन शिवला. तुरुंगसुधारक एलिझाबेथ फ्राय यांच्या संस्थेने त्यांना सुया, दोरे, अंगुस्तान आणि कापडाचे तुकडे दिले होते. मधे पांढऱ्यावर पक्षी आणि फुलं कापून शिवलेली, भोवती बारा चौकटी. नाजूक झाल्यामुळे तो क्वचितच बाहेर काढतात, मी फोटोतच पाहिलाय, पण बराच वेळ पाहिलाय. हातांचा फरक कळतो, काही टाके बारीक, काही ओबडधोबड, आणि तरी सगळं एकत्र उभं राहतं. मला वाटतं चौकटींची रचना होती म्हणून ते जमलं, दर फेरीला सगळं परत सारखं करायची एक संधी मिळते. हा माझा अंदाज आहे, पण स्वतः शिवल्यावर तो जास्तच खरा वाटायला लागला.

आणि ती मधली फुलं कापून लावायची पद्धत, तिला ब्रोदरी पर्स म्हणतात, ती आपल्याकडच्या कापडावर वाढलेली आहे. चिंट्झ म्हणजे आपलं चीट, जुन्या बायका चिटाचं परकर म्हणायच्या तेच. कोरोमंडल किनाऱ्यावरून रंगवलेली चिटं युरोपात जायची, मधे झाड आणि भोवती काठ असलेल्या मोठाल्या चादरीही जायच्या, आणि महागडं चीट वाया जाऊ नये म्हणून तिथल्या बायका त्यातलं एकेक फूल कापून साध्या कापडावर शिवायच्या. म्हणून माझ्या मधल्या चौकोनात मी मछलीपट्टणमचं ठशाचं कलमकारी लावलं, पुण्याहून आणलेलं. तीन पाण्यातून काढल्याशिवाय वापरू नका, पहिल्या पाण्याला लाल रंग इतका सुटला की पांढऱ्या पट्टीशेजारी लावलं असतं तर सगळंच गुलाबी झालं असतं.

आता मेडॅलियनचा त्रासही सांगतो, नाहीतर एकतर्फी होईल. काम महिन्यागणिक वाढत जातं. मार्चमध्ये 52 एचएसटी होते, मेमध्ये 64 गीज अधिक कोपरे, आणि जुलैमध्ये 36 तारे. सँपलरमध्ये महिन्याला एक तारा, इथे छत्तीस! मी त्या महिन्यात मागे पडलो आणि दोन महिने मागेच राहिलो, कारण तिसरी बॉर्डर लागल्याशिवाय चौथी लागत नाही. शिवाय 48 च्या पुढे सगळं धूड मशीनवर फिरवावं लागतं, लहान फ्लॅटमध्ये पसरायला जमीन कमी पडते, मी सोफा बाहेर ओढायचो. आणि कापड किती लागेल ते आधी कळत नाही, पुढच्या बॉर्डरचं माप महिन्याच्या एक तारखेला येतं. इथे क्विल्टिंगचं कॉटन मीटरला 25-30 डॉलर पडतं, म्हणून मी जेमतेम घेतलं, आणि 60 वर आल्यावर पार्श्वभूमीचं कापड संपलं. तेच कापड परत आणलं तर रंगाचा लॉट वेगळा, पांढरं थोडं पिवळट. ते मी शेवटच्या पूर्ण फेरीला एकसारखं वापरलं म्हणून खपून गेलं.

ज्यांना मोजमापाचाच कंटाळा आहे त्यांनी खरंतर हे दोन्ही सोडून आपल्या गोधडीकडे, नाहीतर कर्नाटकात यल्लापूर-हल्याळकडच्या, मूळच्या आफ्रिकी वंशाच्या सिद्दी बायकांच्या कवंदीकडे, म्हणजे त्यांच्या गोधडीकडे बघावं. कवंदीत कडेपासून सुरुवात करतात आणि धावदोऱ्याने फेऱ्या घालत आत मध्याला येतात, मेडॅलियनच्या अगदी उलट. खालची साडी जेवढी तेवढी कवंदी, तुकडा कमी पडला तर वरून दुसरा, कोपऱ्याला त्रिकोणी घड्यांची फुलं. तिथे सुताचा प्रश्नच नाही. मला ते एकदा करायचंय, पण तो वेगळा विषय.

तर ताई, तुमच्याबद्दल बोलायचं तर फेब्रुवारीत तुम्ही भारतात जाणार आहात आणि मशीन जेवणाच्या टेबलावर आहे, या दोन्ही गोष्टी सँपलरच्या बाजूच्या आहेत, हे मला मान्य आहे. सँपलर घेतलात तर एवढंच करा, प्रत्येक ब्लॉक त्याच महिन्यात मोजा आणि साडेबारा नसेल तर त्याच आठवड्यात उसवा, आणि त्या कापडाचा वीतभर तुकडा वर्षभर जपून ठेवा. पण तुम्ही आईच्या इरकलीचा जो तुकडा दाखवलात, तो 12 इंची ब्लॉकमध्ये कापला तर त्याचे बारीक तुकडे होतील आणि काठ हरवेल. तो अख्खा मधे लावण्यासारखा आहे. पातळ झालाय, म्हणून मागून मलमल लावून घ्या, उभा धागा सरळ धरून चौकोन कापा, तो वीस भरला नाही तरी चालेल, आणि पांढरं कापड पाच मीटर आत्ताच एकाच थानातून घेऊन ठेवा.