यूपीएस की एनपीएस: फॉर्मवर सही करण्याआधी

केंद्र सरकारच्या नोकरीत नव्याने लागलेल्याला आता रुजू झाल्यापासून 30 दिवसांत ठरवावं लागतं: यूपीएस (हमीची पेन्शन देणारी एकीकृत पेन्शन योजना) घ्यायची की एनपीएसमध्ये (पैसा बाजारात गुंतवणारी राष्ट्रीय पेन्शन प्रणाली) राहायचं. फॉर्म दिला नाही तर आपोआप एनपीएस. पंचविशीत साठीनंतरचा हिशेब कोण मांडत बसतो? शेजारच्या टेबलावरचा सांगेल ते केलं जातं, आणि तो हमखास म्हणतो, "घाई करू नकोस, जुनी पेन्शन येतेय."

म्हणून आधी जुन्या पेन्शनचंच बोलू. केंद्रात 1 जानेवारी 2004 पासून आणि महाराष्ट्रात 1 नोव्हेंबर 2005 पासून लागलेल्यांना ती नाही. त्या योजनेत पेन्शनसाठी पगारातून काही कापत नव्हते. निवृत्तीनंतर शेवटच्या मूळ पगाराच्या निम्मी रक्कम, वर महागाईनुसार वाढ. कर्मचाऱ्याच्या बाजूने पाहिलं तर याहून चांगली योजना नाही. गोम इतकीच की या वचनासाठी पैसा कुठेच साठत नव्हता. त्या त्या वर्षीच्या करातून पेन्शन भागवायची. सरकारच्या कर्जाचा आकडा छापला जातो, त्यात ही उद्याची देणी धरलेली नसतात.

राजकारण्यांना ती का आवडते, तेही समजून घ्यायला हवं. एनपीएस बंद केली की सरकारला दरमहा भरायचा हिस्सा लगेच वाचतो. 2004-05 च्या सुमारास लागलेले लोक मोठ्या संख्येने निवृत्त होतील ते 2030 च्या दशकात. म्हणजे बचत या सरकारच्या खात्यात आणि बिल दोन-तीन निवडणुकांनंतरच्या सरकारच्या नावावर. राजस्थान, छत्तीसगड, झारखंड, पंजाब आणि हिमाचल प्रदेश यांनी 2022-23 च्या सुमारास जुनी पेन्शन परत आणण्याचे निर्णय घेतले. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर 2023 च्या मासिक पत्रिकेतल्या एका अभ्यासानुसार सगळीच राज्यं परतली तर बोजा एनपीएसच्या साडेचार पटीपर्यंत जाऊ शकतो. आपल्याकडचं उदाहरण तर आणखी बोलकं आहे. डिसेंबर 2022 मध्ये नागपूर अधिवेशनात उपमुख्यमंत्री आणि अर्थमंत्री असलेल्या देवेंद्र फडणवीसांनी 1 लाख 10 हजार कोटींच्या बोज्याचा हवाला देऊन जुनी पेन्शन नाकारली. मार्च 2023 मध्ये 'एकच मिशन, जुनी पेन्शन' म्हणत संप झाला. मार्च 2024 मध्ये, लोकसभा निवडणुकीच्या तोंडावर, त्याच सरकारने पन्नास टक्क्यांची हमी असलेली सुधारित योजना जाहीर केली.

जुनी पेन्शन येईल म्हणून थांबू नका. अगदी आलीच, तरी ती टिकवणं कोणालाच सोपं जाणार नाही.

आता खरी निवड. पगारातून 10 टक्के दोन्हीकडे कापले जातात. एनपीएसमध्ये सरकार 14 टक्के घालतं आणि सगळा पैसा तुमच्या खात्यात जातो. साठीला जास्तीत जास्त 60 टक्के रोख मिळतात, किमान 40 टक्क्यांची विमा कंपनीकडून ॲन्युइटी (एकरकमी पैसे भरून मिळणारी दरमहाची पेन्शन) घ्यावी लागते. बाजार चढला तर फायदा तुमचा, पडला तर तोटाही तुमचाच. यूपीएसमध्ये सरकार 18.5 टक्के घालतं, पण तुमच्या खात्यात त्यातले 10 च येतात. बाकीचे 8.5 टक्के सामायिक निधीत जातात आणि त्यावर तुमचा वैयक्तिक हक्क नसतो. बदल्यात 25 वर्षं सेवा झाली असेल तर शेवटच्या 12 महिन्यांच्या सरासरी मूळ पगाराच्या 50 टक्के रक्कम आणि महागाई दिलासा (महागाईनुसार होणारी वाढ) मिळतो. 10 वर्षं सेवा असेल तर किमान दरमहा 10,000. निधीला तूट आली तर ती सरकारच्या, म्हणजे करदात्याच्या, माथी.

समजा सरासरी मूळ पगार 80,000 आहे. यूपीएसमध्ये 40,000 सुरू होतील आणि महागाईबरोबर वाढत जातील. एनपीएसमध्ये तेवढीच रक्कम वर्षाला 6 टक्के देणाऱ्या ॲन्युइटीतून हवी असेल, तर तिच्यात 80 लाख गुंतवावे लागतील. वर हे 40,000 पंधरा वर्षांनीही 40,000 च. माझ्या लेखी यूपीएसची खरी किंमत त्या महागाई दिलाशात आहे. पन्नास टक्क्यांचा गाजावाजा त्यामानाने फुकटचा.

तरीही केंद्राच्या सुमारे 23 लाख कर्मचाऱ्यांपैकी फार थोड्यांनीच यूपीएस घेतली, आणि त्याला कारणं आहेत. पूर्ण पेन्शन हवी तर खात्यातली जमा सोडावी लागते. हाती येणारी एकरकमी रक्कम तुलनेने लहान, 30 वर्षांच्या सेवेला साधारण सहा महिन्यांचा पगार (मूळ अधिक महागाई भत्ता). तुमच्या पश्चात जोडीदाराला 60 टक्के मिळतात, पण दोघांनंतर मुलांच्या हाती त्या जमेतलं काही येत नाही. एनपीएसमध्ये मुद्दल वारसांना परत देणारी ॲन्युइटी घेता येते. राजीनामा दिला तर यूपीएसची हमी संपते. स्वेच्छानिवृत्ती घेतली तरी पैसे सुरू व्हायला मूळ निवृत्तीच्या वयापर्यंत थांबावं लागतं.

म्हणून रेल्वेत किंवा टपाल खात्यात लागलेला, साठीपर्यंत तिथेच राहणारा, शेअर बाजाराच्या नावाने झोप उडणारा माणूस असेल तर यूपीएस. पस्तिशीत खासगीत उडी मारायचा बेत असेल, किंवा जोडीदाराची स्वतंत्र पेन्शन असेल आणि मुलांसाठी मुद्दल राखायचं असेल, तर एनपीएस.

मनाचा निर्णय होत नसेल तर एक नियम ध्यानात ठेवा: यूपीएसमधून एनपीएसमध्ये एकदा जाता येतं, निवृत्तीच्या किमान एक वर्ष आधीपर्यंत. उलट वाट नाही. त्यामुळे कुंपणावर बसलेल्याने आधी यूपीएस घेणं शहाणपणाचं. राज्य सरकारी आणि जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्यांनी मात्र हे नियम जसेच्या तसे आपल्याला लागू धरू नयेत. राज्याचे जीआर वेगळे आहेत, आस्थापना शाखेतून ते मागून घ्या आणि कट-ऑफ तारीख आधी बघा.